बोअर नंबर सात

पहाटे साडेपाचला मी आधी भरतीचं कोष्टक बघतो,
मग मोटारीचं बटण.
पंपाच्या नोकरीला लागलो तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं
की पाणी उपसायचं ते खाडीला विचारून.

महापे आणि रबाळ्याच्या मधे
रंगाची एक कंपनी होती.
कंपनी गेली, फाटक राहिलं,
फाटकावरचं ‘सुरक्षा प्रथम’ राहिलं,
आणि जमिनीखाली एक डाग.
तुंगेकर मॅडम तो नकाशावर जांभळ्या पेन्सिलीने काढतात,
दर तीन महिन्यांनी खोडतात, पुन्हा काढतात.
चालतो म्हणे. वर्षाला बारा-तेरा मीटर.
गोगलगायच,
पण पत्ता विचारून निघालेली.
पत्ता आमचा. आळीतली विहीर.

जास्त उपसलं तर खाडी आत येते.
कमी उपसलं तर डाग पुढे सरकतो.
चुलीवर दूध ठेवून
दारातल्या माणसाशी बोलावं
तसे मी सात नंबरपाशी दिवस काढतो.

उपसलेलं पाणी मनोऱ्यावर चढतं,
वरून थेंब थेंब सुटतं
आणि खालून पंखा त्याला पाखडतो.
सुपातून कोंडा उडावा तसा वास उडतो,
तो वरच्या डब्यात धरून ठेवतात.
मग पाणी कोळशातून जातं, करवंटीच्या.
‘आपल्या नारलाच्याच ना?’ गोमीबाईने विचारलं होतं.
हो म्हटलं.
‘मंग कोळसा चांगला हाय. पान्याचा बगू.’

दोन वर्षं ते पाणी बागांना गेलं, संडासांना,
रिक्षा धुवायला.
धरणाचं पाणी प्यायला, हे वापरायला,
दोन नळ, दोन रंग.
मग एका मे महिन्यात धरण तळाला लागलं
आणि साहेब समाजमंदिरात फाइल घेऊन आले:
बारा महिने अहवाल स्वच्छ आहेत,
तीन भाग धरणाचं, एक भाग हे,
टाकीत मिसळू या.
कुणी बोलेना. पंखा तेवढा कुरकुरत होता.
तुंगेकर मॅडमनी स्वतःच पेला भरला
आणि सगळ्यांदेखत प्यायल्या.

गोमीबाई मागून म्हणाली,
‘तू पावनी गो, बाय.
पावनी एक पेला पिते.
आमाना रोज हंडा लागतो.’

मॅडम यावर काही बोलल्या नाहीत.
नकाशाची गुंडाळी करून गेल्या.
आठवड्याने विहिरीच्या कठड्याला काळा फळा लागला,
त्यावर मराठी आकडे, दर सोमवारी,
कुठला किती, आणि किती चालतो.
आणि टाकीच्या वॉल्व्हला दोन कुलपं.
एक किल्ली पालिकेची.
दुसरी गोमीबाईच्या कमरेला,
मासळीच्या पैशाच्या बटव्याशेजारी.

एकदा तिने ती फिरवली नाही.
आकडे बरोबर होते. तरी नाही.
‘वास येतंय’ एवढंच.
आळी कोरडी, टँकरपुढे भांडणं,
साहेबांचा फोन माझ्यावर.
प्रयोगशाळेने दोन दिवसांनी सांगितलं,
काही आढळलं नाही.
कोळसा मात्र आम्ही बदलला.
तिसऱ्या दिवशी तिनेच वॉल्व्ह खोलला,
कुणाकडे न बघता.
तिचं नाक चुकलं की यंत्र,
हे मी रजिस्टरमध्ये कुठल्या रकान्यात लिहिणार?

विहिरीवर अजून लाल फुली आहे,
नव्वद सालच्या आसपासची, पोपडे आलेली.
ती मॅडमच्या नकाशात शेवटी पुसायची आहे,
अकरा वर्षांनी, किंवा चौदा.
गोमीबाई बहात्तरची.

संध्याकाळी, ओहोटीला, मी मोटार बंद करतो
तेव्हा ती येते.
पोहरा सोडते, ओढते,
ओंजळ नाकाशी नेते
आणि सगळं पाणी रस्त्यावर ओतते.
‘अजून नाय.’
मी पातळी लिहितो: चार मीटर वीस.
कालच्यापेक्षा दोन बोटं वर.