एकेचाळीस डॉलर साठ सेंट

योझो, अठ्ठाविसाव्या रस्त्यावर आता
टायर विकणारं दुकान आहे.
तिथंच होतं थानासिसचं काउंटर,
अकरा गोल स्टुलं, आणि बारावं मोडकं,
ज्याच्या नुसत्या खांबावर तो बर्फाची बादली टेकवायचा.
तू म्हणतोस, छे, बारा होती, बाराही धड.
असू दे. फोनवर भांडायला
आता कोण उरलंय आपल्याला?

भट्टीवरची पाळी सुटली की
माणसांच्या आधी त्यांचा वास आत यायचा,
गंधक, ओली लोकर, लोखंडाचा कीस.
बर्निस मान वर न करता विचारायची,
"ऑन्द्रेय, नेहमीचं?"
नेहमीचं म्हणजे कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा,
राय ब्रेडचे दोन जाड काप,
आणि आई जिला बुटाचं पॉलिश म्हणायची ती कॉफी.
ग्रीक माणसाच्या हातचा आपला स्लोव्हाक खिमा!
व्हेरोना मावशीनं चाखून नाक मुरडलं,
"ह्यात दालचिनी कशाला?"
आणि दुसरा वाढून घेतला.

पुलाखाली दोन्या एउलालियाची खिडकी.
हॉटेल नव्हतंच ते, खिडकीच होती,
शनिवारी तिथून केळीच्या पानांची पुडकी निघायची,
दोऱ्यानं बांधलेली, हात पोळणारी.
पहिल्यांदा तू पानासकट खाल्लंस
आणि कबूल केलं नाहीस.
पुढं वर्षभर पानासकटच खात राहिलास, हट्टानं.

आणि ते चिनी हॉटेल, माशांच्या पेटीचं,
नाव मला आठवत नाही, तुलाही नाही.
आई तिथं एकदाच आली, बाबांना पुरून.
हातमोजे काढलेच नाहीत तिनं.
एक मासा काचेला तोंड लावून होता,
ती त्याच्याकडेच बघत बसली,
भात गार होईपर्यंत.

हे सगळं आज का, ते सांगते.
थानासिसच्या नातीनं तळघर रिकामं केलं,
उधारीची वही ग्रंथालयाला दिली.
हिरवी, तेलकट, संपाच्या वर्षाची.
काचेखाली ठेवलीय, बाळाला पाळण्यात ठेवावं तशी.
मी म्हटलं, पानं उलटाल का?
पोरानं पांढरे मोजे चढवले.
नावं ग्रीक अक्षरांत, कानाला ऐकू आली तशी;
त्यानंच बोट ठेवून वाचून दाखवली.
आपलं आडनाव चुकलंय.
आकडा स्वच्छ आहे.

बाकीच्या बहुतेक पानांवर आडवी रेघ,
खातं मिटलं.
आपल्या पानावर रेघ नाही, योझो.

आठवतं ना, जेवताना बाबा टेबलावर मूठ ठेवून म्हणायचे,
"कुणाची दमडी नाही ठेवली अंगावर."
ती मूठ मी आयुष्यभर सोबत बाळगली.
तिच्या भरवशावर घराचे हप्ते फेडले,
उसनं मागायला आलेल्या जावयाला
दारातूनच परत पाठवलं.

पैसे पाकिटात घालून घेतले, पण देऊ कुणाला?
नात म्हणाली, अहो आजी, काहीतरीच काय!
टायरवाल्याच्या दारात उभी राहिले,
तो म्हणाला, पुढचा की मागचा?

घरी आल्यावर मध्येच एक गोष्ट आठवली.
बाबा कोट चढवताना त्या मोडक्या स्टुलाकडं बघून म्हणायचे,
"येत्या रविवारी यंत्र घेऊन येतो,
वेल्डिंग करून देतो, थानासिस."
आणि तो फडक्यानं काउंटर पुसत म्हणायचा,
"ये की. घाई कुठाय?"
असे किती रविवार गेले, मोजले नाहीत.
मग कारखान्याला कुलूप लागलं,
आपण क्लीव्हलंडला गेलो, तू मात्र
वर्षभर मागं राहिलास, मावशीकडं.

म्हणजे शेवटी शेवटी तिथं बसणारा
आपल्यातला तूच.

म्हणून विचारते, भांडायला नव्हे.
खांबावर बादली होती,
की बसायला जागा होती?
घाईनं उत्तर देऊ नकोस.
डोळे मीट, दारापासून सुरू कर,
आणि एकेक मोज.