किंचित मागे

सीताबर्डीच्या झेरॉक्सवाल्यानं अकरा पानं काढली,
दोन रुपये पान,
आणि नवव्या पानावर टोनर संपला.
"हे कायचे किडे व्हय ताई?"
मी म्हटलं, गाणं आहे.
त्यानं कागद उलटा धरून पाहिला,
सुलटा धरून पाहिला,
आणि बावीसचे वीस घेतले.

डावा हात जुन्या शिस्तीचा.
चार-चार स्वरांची रांग, बोटं वाकलेली, मनगट सरळ,
कुठल्याशा थंड देशातल्या चर्चमध्ये
कुणी तरी छडी घेऊन बसवल्यासारखी.
उजवा हात दुसऱ्याच घरचा.
त्याच्या डोक्यावर बारीक इंग्रजीत सूचना:
ठेक्याच्या किंचित मागे राहा.
जीव ओतून.

खरं तर जीव नव्हतं लिहिलेलं, सोल होतं.
बाबांना सांगितलं, सोल म्हणजे आत्मा.
बाबा इंदोऱ्याचे, अजनीच्या लोको शेडमधून रिटायर,
रोज सकाळी सहाला वंदना.
म्हणाले, "आत्मा-बित्मा आपल्यात नसते बाई.
दुसरा शब्द पाह्य."
म्हणून जीव.
जीव लावता येतो, टांगता येतो,
मुठीत धरून पळता येतं,
कुणाचा खाताही येतो.
आत्म्याचं असं काही करता येत नाही.

पियानो मोहननगरला, चर्चमागच्या खोलीत.
मे महिन्यात मिस हेफसिबा ओहोळ
त्याच्या पोटात पाण्याची वाटी ठेवतात.
"लाकूड आहे गं. तहान लागते."
बाहेर सत्तेचाळीस. कूलर डगडगतो,
पानं उडू नयेत म्हणून एका बाजूला चष्म्याचं घर
आणि दुसऱ्या बाजूला कैरी.

तीन आठवडे मी अकरा पानं
अगदी वेळेवर वाजवली.
मिस म्हणायच्या, उशिरा ये.
मला येता येईना.
आमच्या घरात उशीर कुणी शिकवलाच नाही.
भोंग्याआधी दहा मिनिटं बाबा गेटवर,
घंटेआधी वीस मिनिटं मी वर्गात.
दुसरे उशिरा आले तर ट्रॅफिक असायचा,
आम्ही आलो तर
आम्ही असायचो.
हे मी मिसना सांगितलं नाही.
बोटांनी सांगितलं असेल.

एका शनिवारी बाबा न्यायला आले,
चपला दाराबाहेर काढून
मागच्या बाकावर बसले, टोपी मांडीवर.
चौथ्या पानाशी उठले.
"येवढ्या घाईनं कायले वाजवून राहिली तू?
गाणाऱ्याले श्वास त घेऊ दे."
आणि पियानोच्या लाकडावर,
मिसना न विचारता,
थाप.

मला माहीत होतं ते कधीकाळी ढोलकी वाजवायचे.
चौदा एप्रिलच्या रात्री, ट्रकवर,
लग्नाआधी.
हात माहीत नव्हता.
थाप पडायची तिथे पडली नाही.
लोको शेडच्या भोंग्याला तिनं पुढे जाऊ दिलं,
हजेरीच्या वहीला पुढे जाऊ दिलं,
मग सावकाश बसली,
उशीर झाला म्हणून नाही,
तिला तेव्हा यायचं होतं म्हणून.
"अशी. मांगं ओढ."

माझा डावा हात रांगेत उभाच राहिला.
उजवा बाबांच्या मागे गेला.
मिस ओहोळ काही बोलल्या नाहीत,
फक्त कूलर बंद केला.

नववं पान आलं. कोरं.
दोन-चार टिकल्या आणि राखाडी पट्टा.
मी थांबले. बाबांना नोटेशन वाचता येत नाही,
त्यामुळे त्यांना पान संपलेलं कळलंच नाही.
ते वाजवत राहिले.
वाटीतलं पाणी आत कुठे तरी थरथरत होतं,
आणि घामानं त्यांच्या सदऱ्याची पाठ
चिकटली होती, आणि दहावं पान
आपण होऊन आलं.

झेरॉक्सवाला म्हणतो, नववं फुकट काढून देतो, या.
मी गेले नाही.
पेन्सिलीनं तिथे लिहिलं: इथे बाबा.
मिस ओहोळ खोडरबर शोधतायत,
कुणी छापलेल्या पानावर गिरगटलं की त्यांना खपत नाही.
तो माझ्या पायाशी आहे.
डाव्या पेडलखाली.