कमावलेला वास

मियो गावात, तार्न नदीच्या काठी,
कोकराच्या कातड्याचे हातमोजे व्हायचे.
ह्युगेत बारास्क्यूचं काम सगळ्यात शेवटचं:
पितळेच्या गरम पंजावर मोजा चढवायचा,
एकेक बोट ओढून सुरकुती काढायची.
तापलं की कातडं बोलायला लागतं.
तुरटी, अंड्याचा बलक, धूर,
आणि तळाशी कुठेतरी
अजून न गेलेली मेंढीची ऊब.

शनिवारी संध्याकाळी सहाजणी
कारखान्यामागच्या नळावर हात घासत.
लिंबाची फोड, राख, साबण, परत लिंबू.
नाचाला जायचं तर हाताला गुलाबाचा वास हवा,
नाहीतर पोरगा कमरेवर हात ठेवायच्या आधी
विचारतो, कुठल्या खात्यात आहेस?
आर्लेतनं एकदा कातडी निघेस्तोवर घासलं.
स्वतःची.

एकसष्टच्या ऑक्टोबरात मालकानं
मोज्यांची पेटी देऊन ह्युगेतला माँपेलिएला धाडलं.
पेटी पोचवली. शेजारी अत्तराचं दुकान.
आतल्या बाईनं काचेचं बूच तिच्या मनगटाला टेकवलं.
"हे फुलांचं नाही हं. शिप्र आहे.
सायप्रस बेटावरून नाव."
ह्युगेतला बेट काही दिसलं नाही.
आधी आंबट झुळूक,
मग कडू हिरवं, कोवळा देठ मोडावा तसं,
मग एक जाई, रात्रभर सिगारेट ओढत जागलेली.
आभार मानून ती निघाली.

बसथांब्यावर, नऊ मिनिटांनी,
तिच्याच मनगटातून उठला
शनिवारी नळावर धुऊन काढायचा तो.

हुबेहूब नव्हे.
तोच, पण उंच बूट घालून आलेला.
मान ताठ. कुणासाठी न थांबणारा.

ती इतक्या मोठ्यानं हसली की रांगेतल्या माणसांनी वळून बघितलं.
पॅरिसच्या बायका महिन्याचा पगार मोजून
आर्लेतनं घासून टाकलेलं विकत घेत होत्या!

मराठीत कातडं कमावतात.
पैसा कमावतात, नाव कमावतात,
तालमीत अंगही कमावतात.
तिच्या भाषेत या सगळ्याला मिळून एक शब्द नाही,
तरी तिनं केलं ते हेच.
सात महिने पगारातून चिल्लर बाजूला काढली,
बाटली आणली,
आणि त्या शनिवारी नळावर गेली नाही.

नाचाला एकजण म्हणाला,
तुला माझ्या वडिलांच्या गाडीचा वास येतो.
दुसरा काही बोलला नाही,
पण कमरेवरचा हातही काढला नाही.
त्याच्याशी लग्नबिग्न झालं नाही.
नाच चांगला झाला, एवढंच.

आता कारखाना नाही. पितळेचे पंजे
कुणाच्या तरी दिवाणखान्यात शोभेला उभे.
ओकच्या सालीवरचं ते शेवाळ, आपल्या दगडफुलाची लांबची बहीण,
अंगाला खाज आणतं म्हणून नियमात अडकलं.
त्याच नावाची नवी बाटली निघाली,
तिच्यात पीचचं सरबत.
हुंगून ह्युगेत दुकानदाराला म्हणाली,
"याचे दात कुणी काढले?"

जुनीत करंगळीच्या पेराएवढं उरलंय.
काकवीसारखं काळं. वरचं लिंबू कधीच उडालं.

खालच्या मजल्यावरची नोएमी ट्रक चालवते.
आज तिला कुणीतरी जेवायला बोलावलंय,
म्हणून लिंबू मागायला वर आली.
नखांत डिझेल.

ह्युगेतनं लिंबू दिलं नाही.
बूच काढलं, म्हणाली, हात कर पुढे.

नोएमीनं नाक मुरडलं.
"बाप रे. हे काय, घोड्याचं खोगीर?"
हसत, मनगट झटकत जिना उतरायला लागली.

ह्युगेतनं बूच घट्ट लावलं,
खुर्ची दाराजवळ ओढली
आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसली.
चार मिनिटं झाली होती.
खाली नळाचा आवाज अजून आला नव्हता.