झाकण

बस्वराज आला तेव्हा
मी साडेसातच्या मोटारीत तार भरत होतो.
बोटांना वॉर्निशचा वास,
बाकाखाली बरणी, बरणीत मण्यार,
नळेगाव रोडच्या एका न्हाणीतून सकाळीच उचललेली.
झाकणाला सुईनं पाडलेली अकरा भोकं.

"काका, एक नाग पायजे मला.
पाळायचाय. नीट पाळतो."

नीट, म्हणाला.
हा शब्द त्यानं बरोबर धरला होता,
शेपटीला नाही, मानेमागं.
मोबाइलवर पेटी दाखवली, विकत घेऊनसुद्धा ठेवलेली:
चार बाय दोनची काच, दोन कुलपं,
थंडीला बल्ब, उन्हाळ्याला पंखा,
लपायला फुटकं मडकं,
उंदीर कुठून आणायचे तेही ठरलेलं.
एवढी तयारी मी
माझ्या लेकीच्या बारशालाही केली नव्हती.

घरात कोण कोण निजतं?
आई. आईला मोतीबिंदू.
बहिणीचं पोरगं, रांगतं.
प्रतिविषाच्या कुप्या कुठं असतात?
सरकारी दवाखान्यात.
रात्री दोनला तिथं कोण असतं?
गप्प.
उद्या पुण्याला नोकरी लागली तर झाकण कोण उघडणार?
आणखी गप्प.
कायद्याचं मी शेवटी सांगितलं.
आधी कायदा सांगितला की पोरं
पुढचं ऐकतच नाहीत.

मला आकडा धरायला शिकवला कासीमभाईंनी.
त्यांच्या खाटंखाली नऊ वर्षं एक नाग होता.
"मला ओळखतो," म्हणायचे,
पोराचा शाळेत नंबर आल्यासारखं.
एका दुपारी पेटी पुसायला हात घातला,
हाताला उंदराचा वास.
नागानं वास ओळखला.
कासीमभाईंना नाही.

वाचले. डाव्या हाताची दोन बोटं गेली,
उरलेल्या तिनांत बशी कशी तोलायची
हे शिकण्यात त्यांचा एक पावसाळा गेला.
गाव म्हणालं, डूख धरला.
डूख?
ज्याला डूख धरता येत नाही
त्याला जीव तरी कसा लावता येईल, बस्वराज?
दोन्ही आपलेच धंदे.

तो बरणीपाशी उकिडवा बसला.
काळीभोर मण्यार, पांढरे कडे जोडीजोडीनं,
मानेकडं पुसट, शेपटीकडं ठळक.
दिवसा ती डोकं वेटोळ्यात खुपसून घेते.
तिला उजेड नको असतो,
आपल्याला बघायचं असतं.

"ही तर हाय की तुमच्याकडं."

हाय. एका रात्रीपुरती.
वहीत नोंद केलीय, वन खात्याला फोन झालाय,
खोलीला कुलूप, चावी माझ्या करगोट्याला,
बायको माडीवर निजणार, मी खाली जागा.
पाळणं म्हणायचं तर
एवढंच पाळणं मला जमतं.

रात्रभर थांबला पोरगा.
दोनदा चहा केला, तीनदा विचारलं,
"तिला कळतंय का आपण हाय ते?"
मी मोटारीत तार भरत राहिलो.

पहाटे साडेचारला वनरक्षक गायकांबळे बाई आल्या,
स्वेटरवर खाकी, पायात गमबूट.
वस्तीपासून लांब, दगडांच्या बांधापाशी गेलो.
झाकण मी उघडलं.
बस्वराजला बॅटरी धरायला दिली, दहा पावलांवरून.
ती निघाली. घाई नव्हती तिला.
एका कपारीत गेली, आणि बॅटरीचा गोल
रिकाम्या दगडावर हलत राहिला.

"मागं बघितलं पण नाही तिनं."

ह्यावर मी काय बोलणार.
बाईंनी वहीवर सही केली.

ती काचेची पेटी आता माझ्या दुकानात आहे,
अर्ध्या किमतीला घेतली.
जळक्या मोटारींची तांब्याची तार ठेवतो तिच्यात.
दोन्ही कुलपं चालू आहेत.
गिऱ्हाइकं विचारतात, ह्यात काय होतं हो?
काय नाही, म्हणतो,
आणि उगीच एकदा
झाकण दाबून बघतो.