दिवसाला सात शब्द

पीटरहेडच्या मासळी कारखान्यात
आई हॅडकचे काटे काढायची,
पहाटे चार ते दुपारी बारा.
एप्रनच्या खिशात, प्लॅस्टिकच्या पिशवीत
त्या दिवसाचे सात शब्द.
चहाची खोकी कापून केलेल्या चिठ्ठ्या,
एका बाजूला इंग्रजी, दुसरीकडे लिथुआनियन,
आणि कोपऱ्यात हमखास चिकटलेला एक खवला.

क्लायपेदाला ती कोर्टात लघुलेखक होती.
न्यायाधीशाच्या तोंडून शब्द पडायचा अवकाश,
तिने तो झेललेला असायचा.
म्हणून इथली भाषाही तिने
वरच्या मजल्यापासूनच बांधायला घेतली.
ओबफस्केट. पर्फंक्टरी. लॅक्रिमोज.
लॅक्रिमोज म्हणजे डोळ्यांत सदा पाणी,
ती बटाटे सोलता सोलता सांगायची.
आणि मी, अकरा वर्षांची, म्हणायचे,
आई, असं कोणीच बोलत नाही गं.
नसतील बोलत.
चांदीची भांडी रोज काढतं का कोणी?

फोरमन वॉलीला ती एकदा म्हणाली,
तुमची बर्फाची व्यवस्था पर्फंक्टरी आहे.
वॉलीने टोपी मागे सरकवली,
"आय" म्हणाला, आणि गेला.
बर्फ आणायला गेला असं तिला वाटलं.
बर्फ काही आला नाही.

फेब्रुवारीत रोमुआल्दासचं बोट पट्ट्यात सापडलं.
बाईला इंग्रजी येतं म्हणून
त्यांनी तिलाही गाडीत बसवलं, अ‍ॅबर्डीनपर्यंत.
डॉक्टर तरुण, रात्रभर जागलेला,
विचारत होता अगदी साधं:
दुखणं कसलं आहे? ठणकतं? टोचतं?
चुरचुरतं, की मधूनच कळ येते?
तेवीसशे चिठ्ठ्या होत्या तिच्याकडे,
एकीवरही ठणका नव्हता.
हे शब्द मुलं गुडघे फोडून घेताना शिकतात.
ती तर शिकली होती खुर्चीत बसून.
"एक्स्क्रूशिएटिंग," ती म्हणाली.
डॉक्टरने काहीतरी लिहून घेतलं.
रोमुआल्दास तिच्याकडे बघत राहिला,
साक्षीदार वकिलाकडे बघतो तसा.

दुसऱ्या दिवशी टेबलापाशी
तिचा सुरीचा हात मध्येच थांबला.
शेजारची इशबेल,
तिची तीस वर्षं ह्याच काट्यांत गेलेली,
मान वर न करता म्हणाली,
"डिना ग्रीट, क्वाइन."

ग्रीट आईला येत होतं.
पहिल्या आठवड्यातला शब्द.
ग्रीट म्हणजे स्वागत करणे.
स्वागत करू नकोस? कोणाचं?
आणि ही मला राणी का म्हणते?
तिने हातमोज्यासकट हात गालाला लावला.
गाल ओला होता,
आणि बर्फाजवळ तर ती सकाळपासून गेलीच नव्हती.

घरी येऊन तिने मला विचारलं.
मी हसले. आज आठवलं की हसू येत नाही.
अगं, इथे ग्रीट म्हणजे रडणं.
आणि क्वाइन म्हणजे पोरगी.
शाळेत सगळे म्हणतात.
मग लॅक्रिमोज?
ते पुस्तकातले लोक रडतात तेव्हा.

तिने खोक्यातून ती जुनी चिठ्ठी शोधून काढली.
दोन्ही बाजू भरलेल्या.
पेन्सिलला टोक केलं,
चिठ्ठी उभी धरली,
आणि पुठ्ठ्याच्या जाडीवर,
जिथे मुंगीलाही जेमतेम चालता येईल,
तिथे तिसरा अर्थ लिहिला.

त्या आठवड्यात सात शब्द झाले नाहीत.
रविवारी ती सूप घेऊन रोमुआल्दासकडे गेली,
मला सोबत घेऊन.
तो म्हणाला, जे बोट कापलं
ते थंडीत अजून दुखतं.
आईने डबा खाली ठेवला,
खिशातून कोरी चिठ्ठी काढली.
ठणकतं, तिने विचारलं, की टोचतं?
सावकाश सांग. मला घाई नाही.