वाटतंय, खरं

एकतीस वर्षं मी खानापूरच्या कोर्टात
लोकांची वाक्यं पैलतीरी नेतो.
साक्षीदार मराठीत, साहेब कन्नडात,
वकील चिडले की इंग्रजीत.
मधे मी, नावाडी.
मलप्रभेला पाणी नसतानाही
एखादा शब्द बुडतोच.

सगळ्यात जास्त बुडतो तो 'थिंक'.
डिक्शनरीत लिहिलंय, विचार करणे.
आता आमच्या भागात साक्षीला येताना
विचार करून कोण येतं?
लोकांना वाटतं.
म्हशीच्या चालीवरून वाटतं,
शेजारणीनं दार कसं लावलं त्यावरून वाटतं.
कन्नडात 'अनस्तदरी' म्हणतात,
तेही तसंच, आपोआप उगवलेलं,
पेरलं कुणी ते विचारायचं नाही.
इंग्रजीत मात्र 'आय' पुढं उभा,
शर्ट खोचून:
आय थिंक.
जसं काही रात्रभर जागून
त्यानंच केलंय.

मुलगा बेंगळूरहून फोन करतो,
पप्पा, आय थिंक चवथीला येईन.
म्हणजे येणार नाही.
मला कळतं, त्याच्या आईला नाही,
ती मोदकाचं तांदूळ धुऊन वाळत घालते.
बँकेतले साहेब माझा कागद मागं सारत
लेट मी थिंक म्हणाले होते,
अजून करताहेत.
धारवाडचे वकील पायऱ्या उतरताना विचारतात,
व्हॉट डू यू थिंक, मास्तर?
आणि माझं तोंड उघडेपर्यंत
त्यांच्या कारची काच वर गेलेली असते.
स्टँडवरच्या टमटमवर लिहिलंय 'थिंक बिग'.
आत अकराजण.

मंगळवारी सातेरी घाडी आला साक्षीला.
जांबोटीच्या वळणावर करवंदं विकतो,
टेंपोनं सायकलवाल्याला उडवलं
तेव्हा बुट्टी घेऊन तिथंच बसलेला.
वकिलांनी विचारलं, हॉर्न वाजला होता?
सातेरीनं टोपी काढली,
आत बघितलं, परत घातली.
म्हणाला,
"वाजला वाटतंय, खरं…"

आणि करंट गेला.
पंखा गरगरत थांबला, साहेब उठले,
जेवणाची सुट्टी.

आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'.
पुण्याकडनं आलेल्या सुनांना
हे कळायला वर्ष जातं.
'येतो म्हणाला, खरं आला नाही'
ऐकून बिचाऱ्या विचारतात,
मग खरं कुठलं?

सातेरीला 'पण' म्हणायचं होतं.
त्याच्या पुढं काय होतं?
उशिरा वाजला? दुसऱ्याच गाडीचा?
की वाजला तेव्हा
सायकल आधीच खाली होती?

टायपिस्ट बाई विजापूरच्या, नवीन.
खरं अंदर एन्रि, म्हणाल्या.
मी डबा उघडत होतो.
भाकरीवर शेंगाचटणी, वर तेल सुटलेलं.
न बघताच सांगितलं: ट्रू.
रेकॉर्डवर आलं,
साक्षीदारास खरोखर वाटते की हॉर्न वाजला.
वकील म्हणाले, दॅट्स ऑल.
वाचून दाखवले, मान्य,
हे खाली आधीच छापलेलं असतं.
सातेरीनं अंगठा उठवला
आणि शाई धोतराला पुसली.

पाच वाजता गेटवर तो उभा,
पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन.
नको म्हटलं तर ऐकेना.
मास्तर, नीट बोललो न्हवं मी?
काळी करवंदं, वर धुळीचा हात फिरलेला.
एक तोंडात टाकलं,
चीक दातांना चिकटला.
म्हटलं,
नीटच बोललास वाटतंय, खरं…

खरं काय, मास्तर?

तेवढ्यात त्याची बस लागली.