समजा

डॉक्टर निरगुडकर तोंडवळीला आले
ते एक छत्री, दोन लॅपटॉप
आणि एक ‘समजा’ घेऊन.
मी त्यांची टेप धरायचो. दिवसाचे चारशे.

वाळूवर काडीनं त्यांनी मांडलं:
समजा, किनारा सरळ रेषेत आहे.
लाट आली, आणि वाकडी होऊन परत गेली.
समजा, वारा शून्य.
छत्री नंतर सुरूच्या बनात सापडली.
समजा, समुद्राला तळ आहे पण तळाला खडक नाहीत.
इथे भिवा तारी बिडी विझवून म्हणाला,
“ह्या माझ्या जाळ्याक सांगा. गेल्या म्हयन्यात फाटला ता.”

सर थांबले नाहीत. रापण ओढणारे चाळीस जण
त्यांनी एकसारखे धरले: एका वजनाचे, एका जोराचे,
कुणाचंच कुणाशी भांडण नसलेले.
तोंडवळीत!
शेवटी आला बांगडा. त्याची केली गुळगुळीत गोळी,
कल्ले नाहीत, भीती नाही,
शेपटीचा हिशेब पुढच्या पेपरात.
“आणि काटे?” मी विचारलं.
“नगण्य.”
शब्द मला इतका आवडला
की दिवसभर वापरला:
टपरीवरची उधारी नगण्य, बारावीचे मार्क नगण्य.

रात्री जयुकाकीनं पेडव्याचं तिखलं केलं.
सर जेवता जेवता भरतीचं सूत्र समजावत होते,
अर्ध्या वाक्यात थांबले.
डोळे मोठे. हात गळ्याशी.
नगण्य अडकलं होतं.

काकीनं कोरड्या भाताचा मुटका वळला.
“गिळा. चावू नकात. इचार करू नकात.”
सरांनी तिन्ही पाळलं,
तिसरं जरा जड गेलं.
मग बराच वेळ कुणी ‘समजा’ म्हटलं नाही.

मी हसणारच होतो. पण काकी चुलीकडे वळली
आणि टोपात आणखी दोन मुठी तांदूळ टाकले.
भिवाकाका दुपारीच होडी घेऊन गेलेला,
वारा फिरला होता, फोन लागत नव्हता.
“किती वाजता येतील?” सरांनी विचारलं.
“धा वाजता,” ती म्हणाली,
जणू समुद्र तिला विचारून चालतो.
सरांनी वही उघडली,
आणि पेन नुसतंच धरून बसले.

साडेअकराला अंगणात पावलं वाजली,
ओल्या दोराचा वास आला.
“दीड तासाची चूक,” सर सवयीनं पुटपुटले.
“ता काय म्हणतास तुमी… नगण्य,”
काकी म्हणाली, आणि भात वाढला.